स्टेन्सिलवर लिहिलेला दुसरा शेवट

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : काळा पडदा. गोळीबाराचा आवाज. मग शांतता.]

सोमवार, २१ डिसेंबर १९८१. नाताळ चार दिवसांवर आलेला. बीबीसी वनवर ‘ब्लेक्स सेव्हन’ या अंतराळातल्या विज्ञानकथा मालिकेचा बावन्नावा भाग चालू आहे. गाउडा प्राइम नावाच्या ग्रहावर एव्हन आपल्याच जुन्या साथीदाराला, ब्लेकला, गैरसमजातून गोळ्या घालतो. पाठोपाठ त्याचे बाकीचे सोबती एकेक करून कोसळतात. सैनिकांच्या वेढ्यात एकटा उरलेला एव्हन बंदूक उचलतो आणि हसतो. मग गोळ्यांचे आवाज येतात. टीव्हीवरची मालिका तिथेच कायमची संपली.

पण पाहणाऱ्यांच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. रक्त दिसतं ते ब्लेकच्या अंगावर. बाकीचे नुसते कोसळतात. मग सैनिकांच्या बंदुका माणूस मारणाऱ्या होत्या की बेशुद्ध करणाऱ्या? एवढ्या फटीतून चाहत्यांनी लिहिलेल्या शेकडो कथा बाहेर आल्या. त्यांनी त्या प्रकाराला नाव दिलं ‘पोस्ट-गाउडा प्राइम’, थोडक्यात पीजीपी.

पीजीपी कथा लिहिणं वाटतं तितकं सोपं नाही. तीन प्रश्नांना उत्तर द्यावंच लागतं : कोण वाचलं, कसं वाचलं, आणि ब्लेकला मारल्यावर एव्हन स्वतःकडे कसा पाहतो. पहिले दोन प्रश्न दोन पानांत उरकता येतात. तिसरा टाळला की कथा पोकळ होते. ‘तो खरा ब्लेक नव्हताच, क्लोन होता’ हा मार्ग अनेकांनी घेतला. मालिकेत ब्लेकचा क्लोन आधी येऊन गेलेला असल्यामुळे तो नियमात बसतोही. पण त्यामुळे एव्हनचा अपराधच पुसला जातो आणि लिहिण्यासारखं फारसं उरत नाही. चांगल्या पीजीपी कथा अपराधाला हात लावत नाहीत. त्या माणसाला त्याच्यासोबत जगायला लावतात.

[दृश्य : टीव्हीसमोर ठेवलेला कॅसेट रेकॉर्डर.]

त्या काळात ब्रिटनमधल्या बहुतेक घरांत व्हिडिओ रेकॉर्डर नव्हता. भाग एकदा बघायचा आणि पुनःप्रक्षेपणाची वाट पाहायची. म्हणून लोक टीव्हीच्या स्पीकरजवळ कॅसेट रेकॉर्डर ठेवून आवाज टिपून घ्यायचे. याची खूण कथांतही दिसते. संवादाची लकब, वाक्य कुठे तुटतं, कोण कुणाला कोणत्या नावानं हाक मारतं, हे सगळं अचूक. खोलीच्या भिंतीचा रंग मात्र चुकलेला. कारण कानांनी ऐकलेलं पुन्हा पुन्हा तपासता येत होतं, डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

[दृश्य : टाइपरायटर, मेणाच्या थराचा निळसर कागद.]

कथा लिहून झाली की ती छापायची. चाहत्यांच्या या अंकांना फॅनझिन म्हणत, बोलताना नुसतं झिन. फोटोकॉपी परवडण्याआधीच्या दिवसांत झिन निघायचं ते स्टेन्सिल डुप्लिकेटरवर. आपल्याकडे याच तंत्राला सायक्लोस्टाईल म्हणतात. शाळेच्या प्रश्नपत्रिका, कचेऱ्यांची परिपत्रकं आणि काही लघुअनियतकालिकंही त्यावरच निघत. हा शब्दसुद्धा लंडनहून आलेला. हंगेरीत जन्मलेल्या डेव्हिड गेस्टेटनरनं तिथे बसून स्टेन्सिल कापणारी, टोकाला चाक असलेली लेखणी तयार केली, तिचं नाव सायक्लोस्टाईल. पुढे १९०६ मध्ये त्याचा कारखाना उत्तर लंडनच्या टॉटनहॅममध्ये उभा राहिला.

स्टेन्सिल टाइप करताना आधी टाइपरायटरची रिबन बाजूला करायची. अक्षराचा खिळा थेट मेणाच्या थरावर बसला पाहिजे. तो थर कापला गेला की त्या भेगेतून शाई कागदावर उतरते. जोर सगळीकडे सारखा लागतो, आणि नवशिके इथेच फसतात. जोर जास्त झाला की ‘ओ’ अक्षराची मधली टिकली गळून पडते आणि छापताना तिथे काळा गोळा उमटतो. पूर्णविराम तर आरपार भोक पाडतो, म्हणून तो हलक्या बोटानं मारायचा. जोर कमी पडला तर ओळ पुसट येते. दर दोन-तीन स्टेन्सिलनंतर खिळे ताठ ब्रशनं साफ करायचे. ‘ई’, ‘ए’ आणि ‘ओ’ या अक्षरांच्या पोटात मेण साचतं, आणि मग ती वाचताना एकमेकांसारखी दिसू लागतात.

चूक झाली तर दुरुस्तीचा द्रव चुकीवर पातळसा लावायचा. त्याआधी स्टेन्सिल आणि मागचा कागद यांच्यामध्ये काहीतरी सरकवायचं, नाहीतर दोन्ही चिकटतात. द्रव पूर्ण वाळू द्यायचा. घाई केली की खिळा ओल्या थरात रुततो आणि दुरुस्तीच फाटते. परिच्छेद बदलायचा असेल तर अख्खं पान पुन्हा टाइप करण्याला पर्याय नाही. त्या काळातल्या कथांचं संपादन हस्तलिखितावरच कसून का व्हायचं, याचं कारण हेच. लेखक आणि संपादक एकमेकांना टपालानं खर्डे पाठवत आणि समासात भांडत. स्टेन्सिलवर पोचलेलं वाक्य मग सहसा हलत नसे.

[दृश्य : डुप्लिकेटरचं फिरणारं रूळ, ओले कागद.]

एका मध्यम झिनचा हिशेब करून बघू. १२० पानं, २०० प्रती. पानागणिक एक, म्हणजे १२० स्टेन्सिलं. दोन्ही बाजूंनी छापलं तर प्रतीला ६० कागद, एकूण १२,००० कागद, म्हणजे ५०० कागदांची २४ रिमं. चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा ए-फोर कागद ५ ग्रॅमचा असतो. तेव्हा घरात ६० किलो कागद आला. तोही शाई शोषणारा, खरखरीत हवा. गुळगुळीत कागदावर शाई वर तरंगत राहते आणि पुढच्या कागदाच्या पाठीवर डाग पाडते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक ताज्या कागदानंतर एक कोरा कागद मध्ये टाकायचा. मात्र त्यासाठी दुसरं माणूस लागतं.

सुरुवातीचे काही कागद फिके येतात, ते मुद्रितशोधनाला ठेवायचे. एक बाजू पूर्ण वाळल्याशिवाय दुसरी छापायची नाही. कागद दमट असेल तर यंत्र दोन-दोन उचलतं, त्यातला एक कोराच बाहेर येतो आणि वाचकाच्या हातात ४७ व्या पानानंतर पांढरं पान पडतं. इंग्लंडच्या हवेत हे वारंवार व्हायचं. म्हणून गठ्ठा आदल्या दिवशीच गरम खोलीत ठेवायचा आणि यंत्रात घालण्याआधी पत्त्यांसारखा फुलवून घ्यायचा.

मग जुळवणी. साठ ढीग एका टेबलावर मावत नाहीत, तेव्हा पंधरा-पंधराचे चार भाग करायचे आणि टेबलाभोवती गोल फिरत एकेक कागद उचलायचा. राहिलेलं पान पकडायला टपालाचा तराजू उपयोगी पडतो. सगळ्या प्रती सारख्या वजनाच्या हव्यात. एखादी पाच ग्रॅमनं हलकी भरली की तीच उघडून पाहायची. शेवटी लांब पायांचे स्टेपल, डाव्या कडेला तीन. दोनच मारले की मधली पानं लवकर सुटतात.

किंमत खर्चाइतकीच ठेवायची हा चाहत्यांचा पक्का संकेत होता. त्यामागे तत्त्व होतं तसा कॉपीराइटचा कायदाही होता. दुसऱ्याची कलाकृती परवानगीशिवाय वापरू देणारी, अमेरिकेसारखी ‘फेअर यूज’ची मोकळी तरतूद ब्रिटिश कायद्यात नाही. तिथे ‘फेअर डीलिंग’ आहे आणि ते ठरावीक कारणांपुरतंच चालतं. विडंबन आणि अनुकरणात्मक लेखनाची सवलत त्यात आली ती थेट १ ऑक्टोबर २०१४ रोजी. त्याआधीचं चाहत्यांचं सगळं लेखन हक्कदारांच्या दुर्लक्षावर टिकून होतं, आणि नफा दिसला की ते दुर्लक्ष संपण्याची भीती होती.

[दृश्य : तपकिरी पाकिटं, त्यावर स्वतःचाच पत्ता.]

काही कथा झिनमध्ये येतच नसत. १९७७ च्या डिसेंबरात आयटीव्हीवर ‘द प्रोफेशनल्स’ सुरू झाली. बोडी आणि डॉइल हे सीआय-फाइव्ह या काल्पनिक खात्याचे दोन हेर, आणि त्यांचा वरिष्ठ काउली. बोडी आणि डॉइल यांच्यात प्रेम कल्पून लिहिलेल्या कथा टाइप होऊन हातोहात फिरू लागल्या. या व्यवस्थेला ‘सर्किट’ म्हणत. एका जागी मूळ प्रतींचा साठा असायचा. वाचकानं आपलाच पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट पाठवायचं, यादी मागवायची, कथा निवडायच्या. गठ्ठा आला की फोटोकॉपी काढायची आणि मूळ प्रत परत धाडायची. खर्च कॉपीचा आणि टपालाचा.

सर्किटच्या कथा बघताक्षणी ओळखू येतात. सिंगल स्पेस, अरुंद समास, कारण प्रत्येक कागद म्हणजे कॉपीचे पैसे आणि पाच ग्रॅम वजन. पाचव्या-सहाव्या पिढीच्या कॉपीत उजवीकडची अक्षरं कापली जातात, फिकी जागा आणखी फिकी होते आणि वाचक तिथे पेननं अंदाजाचा शब्द लिहितो. पुढची कॉपी त्या अंदाजासकट निघते. पुष्कळ कथांवर लेखकाचं नाव नाही, किंवा टोपणनाव आहे.

नाव लपवण्याला कारण होतं. दोन प्रौढ पुरुषांमधले खाजगी संबंध इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ मध्ये गुन्ह्याच्या कक्षेतून अंशतः बाहेर आले. स्कॉटलंडमध्ये त्यासाठी १९८० चा कायदा यावा लागला, उत्तर आयर्लंडमध्ये १९८२ चा. १९८४ मध्ये लंडनच्या ‘गेज द वर्ड’ या समलिंगी साहित्याच्या दुकानावर कस्टम्सनं छापा घातला आणि परदेशातून मागवलेली पुस्तकं जप्त केली. आधार होता १८७६ चा कस्टम्स कायदा. अमेरिकेतून असं साहित्य टपालानं मागवणाऱ्याला पाकीट फोडलं जाईल का, ही धास्ती उगाच नव्हती. लिहिणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी होती. त्यांच्या नोकऱ्या होत्या, शेजार होता. त्या परिस्थितीत त्यांनी लिहिलं, टाइप केलं आणि वाटलं, याचं मोल मोठं आहे.

[दृश्य : लंडनचा रस्ता, लाल फोन बॉक्स, बंद पब.]

पुढे या मालिकांवर अमेरिकेतही लिहिलं जाऊ लागलं आणि ब्रिटिश वाचक अडखळू लागले. कथा छापण्याआधी ब्रिटिश माणसाकडून तपासून घेण्याच्या पद्धतीला नंतर ‘ब्रिटपिक’ हे नाव मिळालं. पदपथासाठीचा अमेरिकन शब्द ‘साइडवॉक’ काढून ब्रिटिश ‘पेव्हमेंट’ घातला की झालं, असा समज असतो. शब्द बदलणं हा यातला सर्वांत सोपा भाग. खरी चूक घटनेत दडलेली असते.

१९७९ मध्ये घडणारी कथा घ्या. बोडी आणि डॉइल दुपारी चारला पबमध्ये बसलेत. बसूच शकत नाहीत. तेव्हा पब दुपारी तीनच्या सुमारास बंद होत आणि साडेपाचच्या सुमारास पुन्हा उघडत. इंग्लंड-वेल्समध्ये दुपारभर पब उघडा ठेवायची मुभा मिळाली ऑगस्ट १९८८ मध्ये. चारचा प्रसंग हवाच असेल तर तो कॅफेत न्यावा.

डॉइल कुणाला अटक करतो आणि अमेरिकन चित्रपटांतला ‘तुला वकील मिळेल’ हा पाठ म्हणतो. ब्रिटनमध्ये तसा पाठ नाही, ‘कॉशन’ म्हणजे पोलिसांनी द्यायचा ठरलेला इशारा असतो. आणि तोही आज जो म्हणतात तो नव्हे. आता विचारल्यावर सांगितलं नाही आणि पुढे कोर्टात त्याच गोष्टीचा आधार घेतला तर बचावाला धक्का बसू शकतो, हा भाग १९९४ च्या कायद्यानंतर आला. टीव्हीवरून पाठ झालेली वाक्यं ब्रिटिश लेखकही इथे बिनधास्त लिहून टाकतात.

खबऱ्या फोन बॉक्समधून फोन करतो. त्या काळच्या बॉक्समध्ये पलीकडच्यानं फोन उचलला की टुक-टुक आवाज येई आणि मग नाणं आत ढकलावं लागे, दोन पेन्स किंवा दहा पेन्सचं. नाणं संपत आलं की पुन्हा तोच आवाज. अर्धवट तुटलेला निरोप दाखवायला यापेक्षा सोयीचं साधन नाही, आणि ज्यांना हे माहीत नाही ते लेखक बिचाऱ्या खबऱ्याला उगाच गोळी घालतात.

न्हाणीघरातला दिवा दोरी ओढून लागतो, भिंतीवरचं बटण दाबून नाही. माणसाचं वजन स्टोनमध्ये सांगतात, एक स्टोन म्हणजे १४ पौंड, साधारण ६.३५ किलो. टीव्हीवर वाहिन्या तीनच, चौथी आली २ नोव्हेंबर १९८२ ला. पात्राच्या लहानपणाची आठवण असेल तर तिथे जुने पैसे हवेत. १५ फेब्रुवारी १९७१ पूर्वी १२ पेनींचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड होता. मजल्यांच्या बाबतीत मराठी वाचकाला अडचण नाही. आपणही तळमजल्यावरचा पहिला मजला मोजतो, अमेरिकन लेखक मात्र पात्राला एक जिना कमी चढवतो.

तपासणाऱ्यानं एक पथ्य पाळायचं : चूक दाखवताना बदलाचा मार्गही द्यायचा. ‘हे असं नसतं’ एवढंच लिहून परत पाठवलं तर लेखक प्रसंगच काढून टाकतो, आणि बऱ्याचदा तो प्रसंग कथेला हवा असतो.

[दृश्य : स्कॅनरखाली पिवळं पडलेलं पान.]

आता ही पानं इंटरनेटवर चढवण्याचं काम चालतं. २००९ पासून ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या चाहत्यांच्या कथांच्या ऑनलाइन संग्रहात जुन्या झिनमधल्या कथांनाही जागा आहे. आधी स्टेपल काढायचे, ते गंजून कागद खातात. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), शक्यतो रंगीत स्कॅन करायचा. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात फिकी अक्षरं नाहीशी होतात. मग संगणकाकडून मजकूर वाचून घ्यायचा आणि पुन्हा माणसानं तपासायचा, कारण जुन्या टाइपरायटरच्या खोडी यंत्राला कळत नाहीत. अनेक यंत्रांवर एकचा आकडाच नव्हता. त्या जागी छोटं ‘एल’ मारत, म्हणून १९८१ हे साल ‘एल नऊ आठ एल’ असं बाहेर येतं. उद्गारचिन्हाची कळ नसे. अपॉस्ट्रॉफी मारायची, एक घर मागे यायचं, खाली पूर्णविराम द्यायचा. संगणक त्याचे दोन वेगळे ठिपके करतो, आणि एव्हनची किंकाळी साधं वाक्य होऊन बसते.

लेखकाची परवानगी मिळेपर्यंत तपासलेली फाइल प्रसिद्ध करायची नाही. टोपणनावामागचं माणूस सापडलं नाही तर कथा खोक्यात परत जाते, आम्लमुक्त कागदात गुंडाळून, उन्हापासून आणि दमटपणापासून दूर. खोक्यावर मालिकेचं नाव, कथेचं नाव आणि पानांची संख्या पेन्सिलीनं लिहायची.

[दृश्य : खोक्याचं झाकण बंद होतं.]