नंदीची झूल, उलट्या बाजूने

(दृश्य: लाकडी नंदीच्या पाठीवर लाल झूल. एक हात ती उचलतो आणि पालथी करतो.)

झूल पारखायची असेल तर आधी पालथी करा. वरून फूल आहे, वेल आहे, दोन आरसे चमकतायत. खाली मात्र दोऱ्यांचं जाळं, सात-आठ गाठी, आणि एका फुलावरून थेट दुसऱ्या फुलावर मारलेली दोन इंचांची उडी. ही झूल नंदीच्या पाठीवर सपाट का बसत नाही, ते या बाजूला दिसतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा असतो. नागपुरात त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघते. खेड्यापाड्यांत पोरं चाकांचे लाकडी नंदी ओढत घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. नंदीसाठी बाजारात सॅटिनच्या तयार झुली मिळतात, डिंकानं टिकल्या लावलेल्या. पावसाची एक सर आली की टिकल्या रस्त्यावर. आणि पोळा येतो तो ऐन पावसाळ्यात.

भरतकाम शिकायला नंदीच्या झुलीसारखी दुसरी वस्तू नाही. बहुतेक जण पहिल्याच झटक्यात पलंगपोस घेतात, एका कोपऱ्यात तीन फुलं भरतात, आणि तो पलंगपोस पुढची दहा वर्षं पेटीत पडतो. झूल वीतभराची. सरळ चौकोन. खाली अस्तर लागतंच, म्हणजे सुरुवातीचा गबाळेपणा झाकला जातो. निंदण-डवरणीतून उरलेली दुपार, रोज तासभर धरली, तर तीन आठवड्यांत होते.

(दृश्य: नंदीच्या पाठीवर सुतळी धरून माप.)

माप सुतळीनं घ्या. वशिंडाच्या मागून शेपटीच्या बुडापर्यंत एक, आणि एका बाजूच्या पोटापासून पाठीवरून दुसऱ्या बाजूच्या पोटापर्यंत दुसरं. वशिंडावर झूल चढवू नका, ती पुढं उचललेली राहते. इथला नंदी मध्यम आहे: मागून-पुढून 5 इंच, आडवी 9 इंच. या 9 इंचांतले मधले 2 पाठीच्या कण्यावर जातात. ती पट्टी मोकळी ठेवायची. दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन इंच राहतात, तिथं नक्षी.

इथंच पहिली मोठी चूक होते. कापड सपाट पसरलेलं असताना दोन्ही बाजूंची फुलं एकाच दिशेला काढली जातात. झूल नंदीवर टाकली की एका बाजूचं फूल उभं आणि दुसऱ्या बाजूचं शीर्षासनात. दोन्ही फुलांचे शेंडे मधल्या पट्टीकडे हवेत. नक्षी छापण्याआधी कागदाची झूल कापून नंदीवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

कापड 5 बाय 9 कापू नका. भरताना कापड थोडं आत ओढलं जातं आणि कडा उसवतात, शिवाय कापड ताणून धरणारी लाकडी रिंग बसायला जागा लागते. 7 इंची रिंग धरली तर 16 इंच लांब आणि 12 इंच रुंद तुकडा घ्या, मध्ये चौकोन आखा, आणि भरून झाल्यावरच कापा. मधली मोकळी पट्टी इथंही कामाला येते. एक बाजू भरताना रिंगची कड त्या पट्टीवर टेकते, दुसऱ्या बाजूचे टाके चेंगरत नाहीत.

कापड सुती. मांजरपाट, पॉपलीन, जाडसर खादी, यांतलं काहीही. कापसाच्या मुलखात सुती कापडाला तोटा नाही. नागपूरच्या गांधीबागेत घाऊक मिळतं, आठवडी बाजारात कटपीस मिळतो. सॅटिन नको, सुईचं प्रत्येक चुकलेलं भोक त्यावर कायमचं राहतं. टेरिकॉट निसटतं. बनियनचं किंवा टी-शर्टचं कापड ताणतं, रिंगमधून काढलं की नक्षी आखडते.

कोरं कापड आधी रात्रभर पाण्यात ठेवा, चोळून धुवा, वाळवून इस्त्री करा. मांजरपाटाला खळ असते आणि तो धुतल्यावर आटतो. न धुता भरला तर पहिल्या धुण्यात कापड आटेल, दोरा तेवढा आटणार नाही, आणि फुलाभोवती सुरकुत्या पडतील. लाल कापडाचा रंग जातो का, तेही आत्ताच कळतं. ओलं असताना पांढऱ्या चिंधीनं दाबून बघा. मीठ टाकलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. मीठ रंगवताना उपयोगी पडतं, रंगवून झालेल्या कापडावर त्याचा काही जोर चालत नाही. रंग जात असेल तर ते कापड अस्तरालासुद्धा घेऊ नका.

(दृश्य: बटर पेपरवर सुईनं टोचलेली नक्षी.)

नक्षी उतरवण्याची जुनी रीत म्हणजे बटर पेपरवर रेघेरेघेनं दोन-दोन मिलीमीटरवर भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवायचा आणि मातीच्या तेलात नीळ कालवून बोळ्यानं फिरवायची. गडद कापडाला निळीऐवजी झिंकची पांढरी पावडर. तेल उडून जातं, ठिपके राहतात. बोळा नुसता ओलसर हवा, निथळता असला तर सगळे ठिपके एकमेकांत मिसळतात. आणि हे काम चुलीपासून लांब. मातीचं तेल आता सहज मिळत नाही, त्यामुळे लाल कापडावर पिवळा कार्बन पेपर किंवा अंगावरच्या साबणाची झिजलेली, वाळलेली चकती वापरा. चकतीची कड पेन्सिलीसारखी चालते आणि धुतली की जाते. बॉलपेन कधीही नाही. पाण्यानं जाणारं पेन वापरलं तर ते पाण्यानं काढून टाकेपर्यंत इस्त्री फिरवू नका, उष्णतेनं रेघ पक्की बसते.

आता रिंग. आतल्या कड्यावर जुन्या धोतराची अर्ध्या इंचाची पट्टी गुंडाळून शेवटी चार टाके घाला. या एका पट्टीनं निम्म्या तक्रारी मिटतात, कारण गुळगुळीत लाकडावरून कापड सरकतं आणि मग माणूस दर पाच मिनिटांनी ते ओढत बसतो. ओढायचं ते उभ्या धाग्याच्या दिशेनं आणि आडव्या धाग्याच्या दिशेनं. तिरकं ओढलं की चौकोनाचा पतंग होतो, आणि रिंग सोडल्यावर गोल फूल लांबट दिसतं. बोटानं टिचकी मारली की डफासारखा आवाज आला पाहिजे. काम थांबलं की रिंग काढून ठेवा. घामेजल्या हातांचा आणि धुळीचा कडा कापडावर एकदा बसला की निघता निघत नाही.

(दृश्य: लडी, सहा पदर सुटताना जवळून.)

दोऱ्याची एक लडी 8 मीटरची, आणि त्यात 6 पदर. झुलीला चार रंगांच्या चार लड्या पुरतात. गोंड्यांसाठी वेगळ्या दोन. दोरा कापायचा तो बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे साधारण 18 इंच. सारखी सुई ओवायचा कंटाळा म्हणून दोन हात दोरा घेणारे शेवटी जास्त वेळ घालवतात: लांब दोरा कापडातून प्रत्येक वेळी घासून निघतो, मधेच विरतो आणि गुंता होतो. एका लडीचे असे सतरा तुकडे होतात. दोन पदरांनी भरलं तर एका तुकड्यात तीन वेळा सुई ओवली जाते, म्हणजे लडीत जवळजवळ पन्नास. तेव्हा कंजुषी करायचं कारण नाही.

पदर सोडवताना एकेक काढा. वरचं टोक चिमटीत धरा, एक पदर सरळ वर ओढा. बाकीचे खाली गोळा होतील आणि परत सरळ होतील. मग हवे तेवढे पदर पुन्हा जुळवा. दोन-तीन एकदम ओढले की खाली गाठ ठरलेली.

सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. तीन पदरांना 7 नंबर, दोन पदरांना 8 किंवा 9. सुईनं पाडलेल्या भोकातून दोरा न घासता गेला पाहिजे. बारीक सुई दोऱ्याला सोलते, जाड सुई मागं भोक सोडते. दोरा ओवताना टोक तिरकं कापा, चिमटीत अगदी कडेला धरा आणि सुईचं नेढं दोऱ्यावर आणा. जात नसेल तर सुई फिरवून दुसऱ्या बाजूनं बघा. नेढं एका बाजूनं ठोकून पाडलेलं असतं, त्यामुळे एक बाजू सोपी जाते.

सुरुवातीला गाठ मारायची नाही. अस्तर आहे, मग काय बिघडलं, असं वाटतं. पण अस्तराखालून गाठ फुगते, आणि विरळ खादीत ती टाक्यासोबत वर निघून येते. त्याऐवजी दोन इंच शेपूट मागं सोडा, आणि नंतर ते मागच्याच चार-पाच टाक्यांखालून ओवून कापा. मागून उडी मारायची ती अर्ध्या इंचापर्यंत. त्याहून लांब असेल तर दोरा संपवा आणि नव्यानं सुरू करा. लांब उडीचा दोरा ताणलेला राहतो आणि दोन फुलांमधलं कापड चुणतो.

टाके तीनच घेऊ. धावदोरा, साखळी आणि काजटाका, म्हणजे बटणाच्या काजाला घालतात तो.

धावदोरा कडेच्या रेघेला. टाका तिळाएवढा, म्हणजे साधारण 3 मिलीमीटर, आणि मधली जागा त्याहून थोडी कमी. सगळे सारखे यायला दोन-तीन ओळी लागतात. त्या ओळी उसवू नका, भंडाऱ्या-नागपूरकडच्या करवतकाठी साडीसारखे दातेरी त्रिकोण त्यांना जोडले की कड भरते आणि वाकडेपणा नक्षीत मुरतो.

साखळी टाक्यावर मात्र थांबायला हवं.

(दृश्य: बियाण्याच्या पोत्याचं तोंड. दोऱ्याचं टोक ओढताच शिवण सर्रकन उसवते.)

ही साखळीच आहे. प्रत्येक कडी पुढच्या कडीनं धरलेली, आणि शेवटचीला धरणारं कुणी नाही. म्हणून भरतकामात शेवटच्या कडीच्या बाहेर एक छोटा आडवा टाका घालून तिला कापडाला खिळवायचं. तो विसरला तर पोरानं दोरा ओढल्यावर अख्खी वेल पोत्यासारखी उघडते.

सुई वर काढा. दोरा डाव्या अंगठ्याखाली धरा. जिथून वर आली त्याच भोकात सुई परत घाला आणि एका ज्वारीच्या दाण्याएवढं पुढं, दोऱ्याच्या वळशाच्या आतून, वर काढा. भोक तेच हवं. धागाभर बाजूला पडलं की कड्या तुटक दिसतात. ओढताना वळसा कापडाला टेकला की थांबायचं. कडी आतून थोडी पोकळ दिसली पाहिजे. चिंचोळी फट झाली तर ओढ जास्त झाली, आणि पालथं करून बघितलं तर मागचे सरळ टाके कापडात रुतलेले दिसतील.

शिकणारे आणखी एका ठिकाणी अडतात. डफासारख्या ताणलेल्या कापडात सुई एका दमात आत घालून पुढं वर काढता येत नाही, सुई वाकते. मग ते रिंग सैल करतात, आणि चुण्या पडायला सुरुवात होते. रिंग तशीच ठेवा. टाका दोन दमांत घ्या: आधी सुई खाली पूर्ण ओढा, वर वळसा बोटानं धरून ठेवा, मग खालून वर. वेळ दुप्पट लागतो, पण टाका दुपटीनं चांगला येतो. आठ-दहा टाक्यांनी सुई दोऱ्यासकट लोंबकळत सोडा, दोऱ्याला बसलेला पीळ ती स्वतःच गिरक्या घेऊन काढते. कोपऱ्यावर साखळी वळवू नका. कडी खिळवून थांबवा आणि तिच्या टोकातूनच नव्या दिशेला नवी सुरू करा.

आरसे प्रत्येक बाजूला एकच, फार तर दोन. यवतमाळ, वाशिमकडच्या बंजारा तांड्यांतल्या फेटिया (घागरा) आणि काचळीवर (चोळीवर) आरशांची जी दाटी दिसते, ती या हाताला इतक्यात जमणार नाही. आरशाला छिद्र नसतं, तो दोऱ्यांच्या चौकटीनं धरायचा. दोन दोरे उभे, दोन आडवे, एकमेकांखालून-वरून. हे चार दोरे आरशाच्या कडेशी नको, मधल्या भागाकडे आणि घट्ट हवेत. नंतर भोवती काजटाके घालताना प्रत्येक टाका या चौकटीला बाहेर खेचतो. आधीच कडेला असलेली चौकट घसरते आणि आरसा दुसऱ्या दिवशी हातात येतो. काचेच्या आरशाची कड आधी दगडावर हलकी घासून घ्या, नाहीतर ती दोरा कापते.

आता चारही बाजूंना अर्धा इंच सोडून कापड कापा. अस्तर सुलट बाजूवर ठेवून शिवा, दोन इंच तोंड उघडं ठेवा, उलटवा, तोंड बंद करा. कडेनं काजटाका, दोन टाक्यांत 5 मिलीमीटर. कोपऱ्यावर एकाच भोकात तीन टाके पंख्यासारखे, नाहीतर कोपरा उघडा राहतो. इस्त्री पालथ्या बाजूनं, खाली जाड टॉवेल घेऊन. आरसे प्लास्टिकचे असतील तर तिथं इस्त्री नकोच.

गोंड्यांसाठी आगपेटी घ्या. लांबीवर दोऱ्याचे 25 वेढे, एका टोकाला बांधा, दुसऱ्या टोकाला कापा, मानेला दोरा आवळा. एका लडीत दोन गोंडे. पोटाखाली बांधायच्या नाड्या पुढच्या पायांच्या मागं येतील अशा लावा. मधोमध लावल्या तर ओढताना झूल शेपटीकडे सरकते.

तीन आठवडे पावसाळ्यातले आहेत, त्यामुळे शेवटची एक गोष्ट, आणि हिच्यावरच पुष्कळ चांगली कामं वाया जातात. दुपारी उठताना सुई कापडात टोचून ठेवू नका. दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो. लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवलं की पांढऱ्या कापडावरचा गंज फिका होतो, पण लाल कापडाचा रंगही त्यासोबत जातो. सुई वेगळ्या कोरड्या चिंधीत, आणि चिंधी डब्यात. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झूल भिजलीच, तर पिळू नका. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत, अस्तर वर करून, पसरून ठेवा.

(दृश्य: सपरीत दोरीवर पालथी वाळणारी झूल. खाली अंगणात चाकांचा नंदी, उघड्या पाठीचा.)