बाकी तीन रुपये

(पडद्यावर : शहापूर, खडेबाजार. सकाळची वेळ. एका बारक्या दुकानाचं शटर वर जातंय.)

निवेदन :
कपिलेश्वर उड्डाणपूल उतरलात की तुम्ही शहापुरात. आज हा बेळगावचाच एक भाग आहे, पण 1948 पर्यंत इथे सांगलीच्या पटवर्धनांचं संस्थान होतं. पेठ विणकरांची आणि सराफांची. त्या सराफी दुकानांच्या ओळीत, नीट बघितलं नाही तर चुकेल असा एक फोटो स्टुडिओ आहे. पाटीवर मालकाचं नाव आहे, पण ते कुणी वाचत नाही. गिऱ्हाईक, शेजारी, रिक्षावाले, सगळे त्यांना फोटोमामा म्हणतात. आपणही तेच म्हणू.

मामांचा जन्म 1950 चा. जन्म मुंबई राज्यात, शाळा म्हैसूर राज्यात, लग्न कर्नाटकात आणि एवढ्यात घर एकदाही बदललं नाही. सीमाभागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, हा विनोद तो तुम्हाला ऐकवणारच. मामांच्या धंद्यात मात्र त्याचा उपयोग होतो.

(पडद्यावर : टेबलावर ओळीने मांडलेले रबरी शिक्के. मामा एकेक उचलून कागदावर उठवतात.)

फोटोच्या पाठीवर मारायचे हे शिक्के. एकावर ‘म्हैसूर राज्य’ आहे. तो फोटो 1 नोव्हेंबर 1973 च्या आधीचा, कारण त्या दिवशी राज्याचं नाव कर्नाटक झालं. त्यावर पिन कोडही नसेल, तर बहुधा 1972 च्या ऑगस्टच्याही आधीचा. पुढच्या शिक्क्यावर फोन नंबर आला, त्याच्या पुढच्यावर 0831 हा बेळगावचा एसटीडी कोड. पाठीवर तारीख नसलेला फोटो हातात दिला, तर मामा आधी माणूस बघत नाहीत, फोटो उलटा करतात. 2014 साली शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, तेव्हा नवा शिक्का करायची वेळ आली नाही. शिक्का मारायला कागदावरचे फोटोच फारसे उरले नव्हते.

(पडद्यावर : कॅम्प भागातले रस्ते. झाडं, जुने बंगले.)

मामा हे काम शिकले कॅम्पातल्या एका स्टुडिओत. पहिलं वर्ष झाडू मारण्यात आणि हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणाच्या, ट्रे धुण्यात गेलं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे कॅम्पातल्या स्टुडिओचं गिऱ्हाईक म्हणजे जवान. प्रशिक्षण संपून कसम परेड झाली की पोरं थेट स्टुडिओत.

मामांचा आवाज :
“पहिला मिशीला पाणी लावणार. मग बेल्ट वर घेणार. मी म्हणायचो, श्वास सोडा ओ, छाती फुगवून किती वेळ उभारणार? खरं ते सोडायचे नाहीत. गावाकडं फोटो जाणार न्हवं!”

निवेदन :
गावाकडे, म्हणजे सातारा, सांगली, कोल्हापूरच्या खेड्यांत. आईला एक, आणि एक मुलीकडच्यांना दाखवायला. सैन्यातल्या पोराचं स्थळ पुष्कळदा आधी त्या पोस्टकार्ड साईजच्या फोटोतूनच पोचायचं.

1971 मध्ये मामांनी शहापुरात स्वतःचं दुकान टाकलं. एक जुना यशिका कॅमेरा, 120 च्या रोलवर बारा फोटो. पोटाशी धरायचा आणि वरून खाली बघायचं. त्यात डावं-उजवं उलटं दिसतं. नवीन माणूस गिऱ्हाइकाला ‘थोडं उजवीकडे’ म्हणताना हमखास चुकतो. मामांनी त्यावर उपाय काढला होता. ते म्हणायचे, “जरा दाराकडं सरका.” लिंगायत गिऱ्हाईक आलं की तेच कानडीत, आणि शेवटी “इल्ले नोड्री, स्वल्प नग्री.” दोन्ही भाषांत माणसं हसायची नाहीत ती नाहीतच. फोटोत हसणं त्या काळी बरं दिसत नसे.

(पडद्यावर : खुंटीवर टांगलेला काळा कोट.)

हा स्टुडिओचा कोट. एकच. मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले की तो कुणालाही बसायचा. वडगावातला विणकर, येळ्ळूरचा शेतकरी, हिंडलग्याचा मास्तर, सगळे याच कोटात. त्याचं दुसरं बटण अर्धं तुटलेलं आहे. मामांच्या निगेटिव्हमध्ये हे अर्धं बटण शोधायचा आम्हाला पुढे नादच लागला.

आता डार्करूम. जिन्याखाली लाल दिव्याची खोली. मेटॉल आणि हायड्रोक्विनोनचा डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवणारं द्रावण, आणि हायपो. डेव्हलपर वीस अंश सेल्सियसच्या आसपास लागतो. मुंबईकडे त्यासाठी बर्फ आणावा लागे. बेळगावात थंडीच्या दिवसांत विहिरीच्या पाण्यावर काम भागायचं, असं मामा अभिमानानं सांगतात. पावसाळ्याबद्दल मात्र ते अभिमानानं काही सांगत नाहीत. फोटो वाळायचे नाहीत, शेगडीच्या उबेला धरावे लागायचे, आणि निगेटिव्हवर बुरशी चढायची.

(पडद्यावर : काचेखाली उजेड असलेलं उतरतं मेज. मामांच्या हातात टोकदार पेन्सिल.)

या मेजावर त्यांची सगळ्यात नाजूक कारागिरी चालायची. मुलगी दाखवायच्या फोटोची. तेव्हाच्या पुष्कळ मुलींच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण असायचे. देवीच्या रोगातून देश मुक्त झाल्याचं 1977 साली जाहीर झालं, पण चेहरे त्याच्या आधीचे होते. फोटोत व्रणाचा खळगा काळा दिसतो, म्हणजे निगेटिव्हवर ती जागा विरळ असते. तिथे शिशाच्या पेन्सिलीनं अगदी बारीक, स्वल्पविरामाएवढ्या रेघा भरायच्या. प्रिंट काढला की खळगा बुजलेला. एका गालाला एक अख्खी दुपार जायची.

यात फसवणूक नव्हती का? आम्ही विचारलं.

मामांचा आवाज :
“आईबाप म्हणायचे, सगळे घालवा. मी नाकाजवळचे एक-दोन ठेवायचो. बघायला आलेल्या माणसानं दारातच तोंड फिरवलं तर? त्यापेक्षा थोडं आधी कळलेलं बरं की ओ.”

निवेदन :
रंगाचं खातं मामींचं. रंगीत फिल्म परवडत नव्हती तेव्हा काळ्या-पांढऱ्या फोटोवर हातानं रंग चढवत. कापूस, बारीक ब्रश, पाण्यातले पारदर्शक रंग. फोटोत तर साडी राखाडी दिसणार, मग खरा रंग कळणार कसा? त्यासाठी मामी फोटो काढतानाच पडद्याआडून बघून नोंदवहीत लिहून ठेवत. ही त्यांची अक्षरं बघा : ‘अंग डाळिंबी, काठ हिरवा, पदर शहापुरी. कानात कुड्या, मोत्याच्या.’ आणि खाली : ‘मुलगी सावळी आहे. गोरी करू नये, असं ती स्वतः म्हणाली.’

(पडद्यावर : नोंदवहीचं पान. कॅमेरा शेवटच्या ओळीवर थांबतो.)

1980 च्या सुमारास मामांना सलोनचं वेड लागलं. सलोन म्हणजे छायाचित्रांच्या स्पर्धा-प्रदर्शनांचं जाळं. बारा बाय पंधरा इंचांचे प्रिंट करायचे, जाड पुठ्ठ्यात बांधायचे, परतीचं टपाल भरून दूरच्या शहरांत पाठवायचे आणि मागच्या बाजूला ‘स्वीकृत’ची चिठ्ठी येते का याची वाट बघायची. दुकानाला रविवारी सुट्टी. त्या दिवशी मामा सायकल काढून वडगावच्या मागावर, नाहीतर एस.टी.नं खानापूरला कौलांच्या भट्टीवर, सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर. घरात दोन लहान मुलं, आणि बापाचा रविवार कौलांच्या भट्टीत. मामी यावर आजही एकच वाक्य बोलतात, ते आम्ही कापलं आहे.

त्यातला हा सगळ्यात गाजलेला फोटो. यल्लम्माच्या यात्रेतला पटकेवाला म्हातारा. मागून ऊन, हवेत भंडाऱ्याची धूळ, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. बऱ्याच ठिकाणी स्वीकृत झाला. दुकानात दर्शनी भिंतीवर तोच आहे.

आम्हाला हा म्हातारा फारसा आवडत नाही. आम्ही हे मामांच्या तोंडावर सांगितलं आहे, म्हणून इथेही सांगतो. असा म्हातारा त्या काळच्या सलोनात कुठेही भेटतो. तो कोण, कुठला, यल्लम्माला काय मागायला आला होता, फोटोला त्याचं सोयरसुतक नाही. याउलट हा बघा. वडगावचा विणकर, सोसायटीच्या कर्जाला दोन प्रती हव्यात म्हणून आलेला. स्टुडिओचा कोट, अर्धं बटण, केसांना तेल लावून भांग. आणि डाव्या कानामागे सुताचा पुंजका. मागावरून उठून थेट आलाय. हे कुणी मुद्दाम टिपलेलं नाही, ते आपोआप आलंय. कर्जासाठी काढलेल्या या दोन इंचांत जेवढं वडगाव आहे, तेवढं त्या बारा बाय पंधरात नाही.

मामांना हे अजिबात पटत नाही.

मामांचा आवाज :
“तो पोटाचा धंदा. त्यात काय बघायचं? ह्या म्हाताऱ्याचा उजेड बघा की. असा उजेड मागून मिळत नाही.”

(पडद्यावर : शिवजयंतीचे चित्ररथ. रात्र, मशाली, गर्दी. कृष्णधवल छायाचित्रं.)

निवेदन :
एका बाबतीत मात्र आमचं एकमत आहे. बेळगावची शिवजयंती वैशाखात, तिथीनं. आणि शिवजयंती म्हटली की चित्ररथ. गल्लोगल्लीची मंडळं ट्रॉलीवर शिवचरित्रातले प्रसंग उभे करतात, पुतळ्यांचे नव्हे, जिवंत माणसांचे. मारुती गल्ली, रामदेव गल्ली, सगळीकडे माणसंच माणसं, खेड्यांतून आलेली, आणि मिरवणूक उजाडेपर्यंत चालते. मामांनी इथे फ्लॅश वापरला नाही. 400 वेगाची फिल्म 1600 ची समजून कमी उजेडात फोटो घ्यायचे आणि नंतर डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. फोटोत दाणे दिसू लागतात, काळं जास्त काळं होतं. पण मशालीचा उजेड मशालीचाच राहतो.

हा त्यातला एक. पहाटेची वेळ. अफझलखानाच्या वधाचा प्रसंग. खान दाढी काढून चहा पितोय. त्याच्या मांडीवर शिवाजी झालेला पोरगा झोपलाय, कमरेची तलवार सोडवलेली नाही. पुढच्या चौकात त्याला उठवायचंय. हा फोटो मामांनी एकाही स्पर्धेला पाठवला नाही. कारण विचारलं तर म्हणतात, “लोक म्हणतील, खानाच्या मांडीवर महाराज कशाला झोपवले?”

मोर्चांचेही त्यांनी फोटो काढले. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात तर शहापूरपासून कॅम्पापर्यंत पायी फिरले. नंतर बंद केलं. फोटो घरी लावायला मागणारे आले, तसे त्यातली तोंडं ओळखायला मागणारेही येतील, हे त्यांच्या ध्यानात आलं. ती पाकिटं वेगळी ठेवलेली आहेत. आम्हालाही दाखवली नाहीत.

धंदा कसा गेला हे तुम्हाला ठाऊक आहे. रंगीत लॅब आल्या, मग डिजिटल, मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल. पण मामांच्या मते खरा फटका दुसराच. मतदार ओळखपत्रं आली तेव्हा घरोघरी फोटोचं महत्त्व वाढलं. पुढे आधार, पासपोर्ट, लायसन, सगळीकडे खिडकीवरचा माणूसच कॅमेऱ्यासमोर बसवून घेतो. ज्या सरकारी कागदांनी स्टुडिओ जगवले, त्यांनीच ते बसवले.

मग निगेटिव्ह कशा राहिल्या? बहुतेक स्टुडिओंच्या राहिल्याच नाहीत. फिल्ममध्ये चांदी असते. वापरलेल्या हायपोतून आणि जुन्या निगेटिव्हमधून ती काढणारे लोक फिरायचे, किलोवर घ्यायचे. त्याच्याही आधीच्या काचेच्या प्लेटा धुऊन लोकांनी तसबिरींना लावल्या. शहापूर तर सराफांचीच पेठ, इथे चांदीचं गणित कुणाला शिकवायला नको. मामांनी का विकल्या नाहीत? आम्हाला वाटलं काहीतरी मोठं उत्तर येईल.

मामांचा आवाज :
“रेट पटला नाही.”

(पडद्यावर : बिस्किटांचे पत्र्याचे डबे. बटर पेपरची पाकिटं, प्रत्येकावर नंबर.)

निवेदन :
त्यामुळे आज डबे आहेत, आणि डब्यांची किल्ली म्हणजे नोंदवह्या : नंबर, नाव, गाव, साईज, प्रती, आगाऊ, बाकी. मामांची मुलगी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. शनिवारी दुपारी येते आणि रविवारी संध्याकाळपर्यंत स्कॅन करत बसते. तिच्या रविवारबद्दल मामी काही बोलत नाहीत.

यात न नेलेल्या फोटोंचा एक मोठा गठ्ठा निघाला. आगाऊ पैसे दिले, फोटो काढला, आणि माणूस परत आलाच नाही. हिवाळ्यात बेळगावच्या आसपास कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी, भाषणं आणि पोटभर जेवण. अशाच एका संमेलनात मुलीनं त्या गावच्या नावाचे न नेलेले फोटो एका टेबलावर मांडले. भाषणं चालू असताना मंडपातली अर्धी गर्दी टेबलाभोवती. ‘ही आमची आत्या नव्हं?’ ‘आत्या नाही, तिची जाऊ.’ यावरून दोन घरांत चांगलंच वाजलं. साठीच्या एका गृहस्थांना वडिलांचा फोटो सापडला. वडील ते लहान असतानाच गेलेले, घरात एकही फोटो नव्हता. त्यांना बोलता येईना. मामा बाजूच्या खुर्चीवर वही उघडून बसले होते. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, “बाकी तीन रुपये आहे.”

मुलीनं कपाळावर हात मारला. गृहस्थांनी पाचशेची नोट पुढे केली. मामांनी ती घेतली नाही. सुटे आणा म्हणाले. ते चहाच्या टपरीवर जाऊन सुटे घेऊन आले, मामांनी तीन रुपये घेतले, वहीत ‘जमा’ लिहून सही करायला लावली आणि मग फोटो हातात दिला.

येत्या थंडीत या सगळ्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं ठरतंय. न नेलेले फोटो, विणकर, चित्ररथ, कोटाचं अर्धं बटण. भिंतींची वाटणी झाली आहे. दर्शनी भिंत यल्लम्माच्या डोंगरावरच्या म्हाताऱ्याला दिली आहे. आम्ही दोन दिवस वाद घातला. मुलगी आमच्या बाजूनं होती. मामी मामांच्या.