परवान्यावरची मजुरी

[दृश्य: बेथलेहेम, चेकपॉइंट 300. गजांची लांब गल्ली, माणसांची रांग.]

रविवारची पहाट. अजून चारसुद्धा वाजलेले नाहीत. इस्रायलमध्ये कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो, म्हणून आजची रांग आठवड्यातली सगळ्यात लांब. एका बाजूला आठ मीटर उंच काँक्रीटची भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी गज. मधल्या चिंचोळ्या वाटेत, वेस्ट बँक या इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागातून इस्रायलमध्ये कामाला निघालेले हेब्रॉन, यत्ता, दुरा आणि आसपासच्या गावांतले पॅलेस्टिनी गवंडी, सेंट्रिंगवाले, सळईवाले, फरशीवाले. गजांना धरून, इतरांच्या डोक्यावरून पुढे सरकणारी ही पोरं बघा. पलीकडे ठेकेदाराची गाडी उभी आहे आणि ती कुणासाठी थांबत नाही.

जेरुसलेम इथून दहा किलोमीटरही नाही.

[दृश्य: कॉफीचा थर्मास, तीळ लावलेले गोल पाव, फलाफलची कढई.]

रांगेच्या कडेने चालणारा हा बाजार रांगेइतकाच जुना. वेलची घातलेली कॉफी आणि 'काक' नावाचा पाव. अंधारात सगळं विकलं जातं, उजाडायच्या आत गाडी बंद.

[दृश्य: फिरतं लोखंडी फाटक, जवळून. वर लाल-हिरवा दिवा.]

आता आत. काचेमागचा सैनिक बटण दाबतो, फाटक फिरतं, मोजकी माणसं आत जातात. दिवा लाल झाला की जो मधे असेल तो मधेच. पुढे पट्टा, फोन, नाणी, सगळं काढून तपासणीच्या यंत्रात. मग कार्ड. 2019मध्ये इथली यंत्रं बदलली, कॅमेरा चेहरा ओळखू लागला आणि तपासणी बरीच झटपट झाली, हे सांगायलाच हवं. तुम्ही आत्ता पाहिलेली गजांवरची चढाई त्याआधीची आहे. यंत्र नवं आलं, पण ते ज्या परवान्याबद्दल विचारतं तो जुनाच.

[दृश्य: वयस्कर मजुराचे हात. पिशवी. प्लास्टिकमध्ये जपलेला कागद.]

या गृहस्थांच्या पिशवीत दोन पाव, काकडी, टोमॅटो आणि एक छोटी ऑलिव्हची बरणी आहे. दुपारचं जेवण. छातीच्या खिशातला कागद मात्र त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय. त्याला म्हणतात तस्रीह. परवाना. नाव, ओळख क्रमांक, मुदत, आणि आत राहण्याचे तास. हा कागद नसेल तर हातातल्या कसबाची किंमत भिंतीच्या अलीकडे निम्मी होते. 2022 साली इस्रायलमध्ये पॅलेस्टिनी मजुराला दिवसाला सरासरी 280 शेकेलच्या आसपास मिळत. वेस्ट बँकेत खासगी कामावर 130 ते 140. एक शेकेल म्हणजे तेव्हाचे साधारण 22 ते 24 रुपये. हिशोब तुम्हीच करा.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. ट्रकच्या हौद्यात बसलेले मजूर.]

हे सुरू कधी झालं? 1967च्या युद्धात वेस्ट बँक आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात आले. पुढच्या एक-दोन वर्षांतच तिथले मजूर इस्रायलच्या शेतांवर आणि बांधकामांवर दिसू लागले. 1972मध्ये सरसकट परवानगी निघाली. दिवसा आत जा, काम करा. मात्र रात्री एक ते पाच इस्रायलच्या हद्दीत सापडायचं नाही. हात हवे होते, मुक्काम नको होता. 1987पर्यंत रोज ये-जा करणाऱ्यांची संख्या लाखावर गेली होती. गाझातल्या दर दहा कामकरी माणसांपैकी चार इस्रायलमध्ये राबत होती.

त्या वर्षी डिसेंबरमध्ये पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायलच्या ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, पेटला, आणि वाटेवर एकेक दार बसत गेलं. 1989मध्ये गाझातल्या मजुरांना मॅग्नेटिक कार्ड. जानेवारी 1991मध्ये, आखाती युद्धाच्या दिवसांत, सरसकट परवानगी रद्द. आता प्रत्येकाला वेगळा परवाना, प्रत्येकाची वेगळी चौकशी. मार्च 1993मध्ये वेस्ट बँक आणि गाझाची नाकेबंदी. 1994च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये इस्रायल आणि पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेत आर्थिक करार झाला. मजुरांची ये-जा सुरळीत ठेवायचा प्रयत्न करू असं त्यात आहे, आणि तिचं प्रमाण वेळोवेळी ठरवण्याचा हक्क दोन्ही बाजूंना आहे असंही आहे. कागदावर दोन्ही बाजूंना. ये-जा मात्र एकाच दिशेची होती. त्याच दशकात थायलंड, रोमानिया, चीनहून मजूर आणायला सुरुवात झाली.

[दृश्य: ड्रोनमधून भिंत. टेकड्यांवरून वळत गेलेली.]

2002मध्ये भिंतीचं काम सुरू झालं. ठरलेल्या मार्गाची लांबी 700 किलोमीटरहून जास्त, म्हणजे इस्रायल आणि वेस्ट बँकेमधल्या 1949च्या शस्त्रसंधी रेषेच्या दुपटीहून अधिक. कारण सरळ आहे: ती रेषेवरून जात नाही, मार्गाचा बहुतेक भाग वेस्ट बँकेच्या आतून जातो. बरीचशी लांबी तारेचं कुंपण आहे. वस्तीजवळ आली की काँक्रीट. त्या काँक्रीटवर काही पॅलेस्टिनी हातांनीही काम केलंय.

[दृश्य: फोनचा पडदा. अरबी अक्षरांतलं ॲप.]

आता परवाना मिळतो कसा, ते पाहू. इथे आपण जरा थांबणार आहोत, कारण खरी गोष्ट इथे आहे. परवाना मजूर मागत नाही. इस्रायली मालक मागतो, त्याला कोटा मिळतो, आणि सुरक्षा यंत्रणा एकेक नाव पास करते. वय, लग्न झालंय की नाही, नात्यातलं कोणी अटकेत आहे का. नाव अडलं तर कारण कळेलच असं नाही. 2019पासून हे 'अल-मुनसक' ॲप आलं. परवाना आहे की गोठवलाय ते त्यात दिसतं. बदल्यात ॲप फोनमधलं लोकेशन, कॅमेरा अशा गोष्टींची मुभा मागतं.

कोटा एका मालकाकडे, काम दुसऱ्याकडे, मजूर तिसऱ्याच गावात. या फटीत दलाल उभा राहतो. ऊसतोडीला गेलेल्या माणसाला हा दलाल समजावून सांगावा लागणार नाही, मुकादम त्याने पाहिलेला आहे. फरक इतकाच की मुकादम आधी उचल देतो, हा आधी घेतो. महिन्याला 2,000 शेकेल किंवा त्याहून जास्त. म्हणजे सात-आठ दिवसांची मजुरी कामावर पाय ठेवण्याआधीच गेली. इस्रायलच्या मध्यवर्ती बँकेतल्या 2019च्या अभ्यासाने 2018 साली दलालांना पैसे मोजणारे मजूर 20 हजारांहून जास्त धरले, आणि या धंद्याचा वर्षाचा नफा 12 कोटी शेकेलच्या घरात. डिसेंबर 2020मध्ये बांधकामासाठी नियम बदलले, मजुराने मालक बदलायची सोय झाली. परवान्यांचा बाजार तरी उठला नाही.

[दृश्य: गावातली घरं. गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या, मोकळ्या सळया.]

मग ही माणसं का जातात? उत्तर या गच्च्यांवर आहे. सळया उघड्या सोडल्यात, कारण वरचा मजला मुलाच्या लग्नाच्या वेळी चढणार आहे. तेल अविवच्या टॉवरवर दिवसभर सेंट्रिंग करायचं आणि शुक्रवार-शनिवारी घरच्या स्लॅबसाठी सळई बांधायची. जमीन, ऑलिव्हची झाडं, बायकोच्या अंगावरचं सोनं, मुलीची कॉलेजची फी, सगळं या मजुरीतून. अर्थतज्ज्ञ याला चिवटपणा म्हणतात. चिवटपणाचे हप्ते घरातली बाई भरते, हे त्यांच्या तक्त्यांत बसत नाही.

[दृश्य: रिकामी गल्ली. बंद फाटक.]

7 ऑक्टोबर 2023. गाझावर सत्ता असलेल्या हमास या पॅलेस्टिनी संघटनेचा इस्रायलवर हल्ला, आणि त्यानंतर जवळजवळ सगळे परवाने बंद. वेस्ट बँकेतल्या सुमारे दीड लाख परवानाधारकांची मजुरी एका दिवसात थांबली. विना परवाना जाणारे वेगळे. गाझातले साडेअठरा हजारांपर्यंत परवानाधारक होते. त्यातले जे इस्रायलमध्ये अडकले, त्यांतल्या हजारोंना आधी डांबलं आणि 3 नोव्हेंबरला बॉम्ब पडत असलेल्या गाझात परत धाडलं. वर्षाअखेरीस वेस्ट बँकेतली बेकारी 30 टक्क्यांच्या वर गेली.

[दृश्य: ऑलिव्हची तोडणी. दुकानातली उधारीची वही. भिंतीला लावलेली शिडी, दोर.]

कोणी रानात गेलं. त्या हंगामात कित्येक बागांपर्यंत पोहोचणंही वेस्ट बँकेत वस्ती केलेल्या इस्रायली वसाहतवाल्यांच्या हल्ल्यांमुळे अवघड होतं. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी सोनं मोडलं. दुकानदारांनी उधारी दिली, देता येईल तोवर. आणि काहीजण जेरुसलेमलगतच्या अल-रामजवळ शिडी लावून भिंत चढले. काहींना गोळ्या लागल्या, काही पडले.

[दृश्य: इस्रायलमधलं अर्धवट बांधकाम. उभ्या क्रेन. मग पुणे.]

थांबलेल्या या क्रेनखाली आधी 80 ते 90 हजार पॅलेस्टिनी मजूर काम करत. त्यांच्या जागी माणसं आणायला भारताशी करार झाला. जानेवारी 2024मध्ये रोहतक आणि लखनौला भरती झाली, एप्रिलमध्ये पहिली तुकडी उडाली, आणि सप्टेंबरमध्ये कसबाच्या परीक्षा पुण्यात झाल्या. परीक्षा चार कामांच्या: सेंट्रिंग, सळई, गिलावा, फरशी. पगार जानेवारीच्या भरतीत महिन्याला सुमारे 1 लाख 37 हजार रुपये, पुण्याच्या वेळी सुमारे 1 लाख 92 हजार. हे आकडे जाहिरातीत ठळक छापले होते. ज्यांच्या जागेवर जायचं, त्यांच्याबद्दल रांगेत उभ्या पोरांना कोणी काही सांगितलं का, हा आमचा प्रश्न आहे. लातूर-बीडच्या गवंड्याने जाऊ नये असं आम्ही म्हणणार नाही. घरची चूल आम्ही पेटवत नाही. व्हिसा मात्र मुदतीचा आहे, तो देणारं सरकार तेच आहे, आणि परवाना एका फटक्यात कसा बंद होतो हे तुम्ही आत्ता पाहिलंत.