लेविथा: वाऱ्याने थांबवलं तिथे

नमस्कार मंडळी. ग्रीस म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर सँटोरिनी येतं, पांढरी घरं, निळे घुमट. आम्ही तिकडे गेलोच नाही. मी आज लेविथाबद्दल बोलणार आहे. एजियन समुद्रात, अमोर्गोस आणि लेरोसच्या मधे, एकच कुटुंब राहतं असं बेट. नियमित फेरी नाही, दुकान नाही, हॉटेल नाही, म्हणजे तिथे जायचं तर स्वतःची नाहीतर भाड्याची बोट पाहिजे.

आम्ही पाच जण होतो, कॉस बेटावरून 38 फुटी यॉट भाड्याने घेतलेली, बेअरबोट म्हणतात त्याला, म्हणजे तांडेल आपला आपणच. त्यासाठी स्किपरकडे लायसन्स लागतं आणि सोबतच्या आणखी एकाला बोटीचा अनुभव आहे हे लिहून द्यावं लागतं, हे घरूनच नीट बघून जा, तिथे जाऊन धावपळ करू नका. बाकी व्हिसा वगैरे तुम्हाला माहितीच आहे.

आता वाऱ्याचं सांगतो, कारण तिकडे कुठे जायचं आणि किती दिवस राहायचं हे वाराच ठरवतो. जुलै-ऑगस्टमध्ये एजियनवर उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. आपण कोकणातली माणसं ढग बघून वारा ओळखतो, आभाळ भरून आलं, काळोख झाला की होडी आत घ्यायची. मेल्तेमीत आभाळ लख्ख निळं असतं, एक ढग नाही, हवा इतकी स्वच्छ की लांबचं बेट हाताशी आल्यासारखं दिसतं, आणि त्याच उन्हात 30 नॉटचा, म्हणजे ताशी साधारण 55 किलोमीटरचा वारा सुटतो. पहिल्या दिवशी माझी खरंच फसगत झाली, एवढं छान ऊन आहे म्हणून मी शीड पूर्ण उघडं ठेवलं आणि तासाभरात बोट अशी आडवी झाली की खालच्या किचनमधली सगळी भांडी जमिनीवर.

आणि हा वारा कुठून येतो माहितीये? बाल्कनवर हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानवर कमी, म्हणून हवा मधून दक्षिणेकडे धावते, आणि तुर्कस्तानवरचा तो कमी दाब इराण-पाकिस्तानावरून येत येत आपल्या मान्सूनच्या कमी दाबाला जोडलेला असतो. म्हणजे ज्या दिवसात रत्नागिरीत पाऊस कोसळतोय आणि होड्या नारळी पौर्णिमेची वाट बघत किनाऱ्यावर ओढून ठेवल्यात, त्याच दिवसात तीच मोठी यंत्रणा तिकडे कोरडा वारा फिरवत असते. जुने ग्रीक या वाऱ्यांना एतेसियाई म्हणायचे, एतोस म्हणजे वर्ष, दरवर्षी येणारे ते. आणि आपला मान्सून आला अरबी मौसिमवरून, मौसिम म्हणजे ऋतू. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला, घरापासून एवढ्या लांब येऊन शेवटी आपलाच पावसाळा भेटला की!

तर लेरोसच्या लाक्की बंदरातून आम्ही पहाटे निघालो. लेविथा तिथून वीसेक समुद्री मैल, वारा उजव्या अंगाने. बेट दिसायला लागलं तरी आत शिरायला जागा काही दिसेना, नुसता तपकिरी खडक, झाड नाही, आणि लाटा त्यावर आपटतायत. दक्षिणेकडे वळलो, चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, खाडी आहे म्हणून विश्वास ठेवून पुढे गेलो आणि खडकाच्या मागे एकदम तोंड उघडलं. आत वळलो आणि लाट थांबली. वारा डोक्यावरून जातोय, डोलकाठीच्या दोऱ्या खडखडतायत, पण पाणी आपल्या गावच्या तळ्यासारखं.

आत मुरिंगचे बोये आहेत, म्हणजे तळाला पक्के बांधलेले तरंगते गोळे, बोयाला दोरी बांधायची, नांगर टाकायचाच नाही. याचं मला फार महत्त्व वाटतं. भूमध्य समुद्राच्या तळाशी पोसिडोनिया नावाची वनस्पती असते, शेवाळ नाही हं, खरी फुलं-मुळं असलेली वनस्पती, तिच्यात मासे वाढतात, ती वाळू धरून ठेवते, आणि ती वाढते फार म्हणजे फारच हळू. नांगर आणि साखळी तिला नांगरल्यासारखी उपटून काढते. बोया असेल तर बोयाच घ्या, पैसे द्यावे लागले तरी द्या, आणि नसेल तर पाण्यात डोकावून फिकट वाळूचा तुकडा शोधून तिथेच नांगर टाका.

संध्याकाळी टेकडी चढून घराकडे गेलो. शेळ्यांच्या घंटा, दगडी कुंपणं, अंगणात टेबलं. मेनू असा नाहीच, त्या दिवशी जे शिजलंय ते. आम्हाला बोकडाचं मटण मिळालं, टोमॅटोत तासन्‌तास मुरलेलं, हाडापासून आपोआप सुटणारं, आणि घरचं चीज, पांढरं, ओलसर, खारट, हाताने मोडलं की कडेने पाणी सुटायचं. मसाला जवळजवळ नाहीच, तरी आमच्यातला रोज ठेचा लागणारा माणूस दोनदा मागून जेवला.

एक रात्र राहायचं ठरलेलं, राहिलो तीन. हवामानाच्या अंदाजात वारा 7 बोफोर्ट, म्हणजे ताशी 50 ते 60 किलोमीटर. बोट परत द्यायची तारीख जवळ येत होती, टाकीतलं पाणी कमी होत होतं, भांडी समुद्राच्या पाण्यात घासायला लागलो, दोघांची तर भांडणंही झाली की निघूया का. मी नाही म्हटलं. 2019 मध्ये याच बेटाभोवती पुरातत्त्ववाल्यांना 5 प्राचीन जहाजांचे अवशेष सापडले, आणि 45 मीटर खोलीवर 400 किलोचा दगडी नांगरदांडा, म्हणजे नांगराचा आडवा दांडा, इसवी सनापूर्वी 6 व्या शतकातला. केवढं जहाज असेल ते विचार करा! एवढ्या अवजड नांगराची माणसं ज्या पाण्यात फसली तिथे मी भाड्याच्या बोटीची तारीख पाळायला पाच जीव घेऊन जाणार नव्हतो.

चौथ्या पहाटे जाग आली ती शांततेने. दोऱ्यांचा खडखडाट बंद. डेकवर आलो तर शेळ्यांच्या घंटा थेट पाण्यापर्यंत ऐकू येत होत्या. कुणाला हाक मारावी लागली नाही, सगळे एकेक करून वर आले, आम्ही बोयाची दोरी सोडली आणि इंजिन हळू ठेवून बाहेर पडलो.