भट्टीची द्राक्षं

[दृश्य: काळोख. दूरवर दोन दिवे हळूहळू पुढे सरकतायत. यंत्राची घरघर.]

सप्टेंबरमधली एक पहाट. उजाडायला अजून बराच अवकाश आहे. नैऋत्य फ्रान्समधल्या गॅस्कनीत, एओझ गावाजवळच्या या मळ्यात एक उंच यंत्र वेलींची अख्खी ओळ पायांत घेऊन चाललंय. वेल थरथरते, मणी गळून पट्ट्यावर पडतात, देठ मागे वेलीवरच राहतात.

एवढ्या अंधारात तोडणी कशासाठी? तर मणी तापू नयेत म्हणून. कोलोंबार या जातीचा वास मोठा नाजूक. ऊन आणि हवा लागली की उडालाच म्हणून समजा. नाशिककडे वाइनची द्राक्षं लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

[दृश्य: दिवस. वाडा, चार कोपऱ्यांची जुनी छपरं, मागे वेली.]

हा दोमेन तारिके, म्हणजे तारिके नावाचा वाइनचा मळा. वाडा सतराव्या शतकातला, पण आपली गोष्ट सुरू होते 1912 साली, आणि तीही एका दरवेश्यापासून. हो, अस्वल घेऊन गावोगाव हिंडणारा दरवेशी! पिरेनीज पर्वतातल्या एरियेज भागात हा पिढीजात धंदा होता. तिथले कितीतरी दरवेशी अस्वलासकट बोटीत बसून अमेरिकेपर्यंत गेले. अशाच घरातल्या आर्तो मंडळींनी हा वाडा घेतला. तेव्हा द्राक्षाखाली उरली होती जेमतेम 7 हेक्टर जमीन. बाकीच्या वेली फिलॉक्सेरानं खाल्ल्या होत्या. मुळांवर जगणारी ही मावा-कुळातली कीडही अमेरिकेतूनच आलेली.

पुढे घरातली मुलगी एलेन हिचं लग्न पिएर ग्रासा यांच्याशी झालं, आणि मळ्याच्या मालकांना आजचं ग्रासा हे आडनाव मिळालं.

[दृश्य: तांब्याची भट्टी. खाली लाकडाचा जाळ.]

आता या मुलखाची मूळ ओळख. इथे द्राक्षं लावायची ती पिण्यासाठी नव्हे, भट्टीसाठी. आर्मान्याक ही इथली ब्रँडी कोन्याक या दुसऱ्या नावाजलेल्या फ्रेंच ब्रँडीपेक्षाही जुनी. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लेखनात तिचे गुण सांगितलेले आहेत. भट्टीला लागते ती आंबट, पातळ, कमी अल्कोहोलची वाइन. युनी ब्लां आणि कोलोंबार या जाती नेमक्या तशा. त्यांची वाइन कोणी हौसेनं पेल्यात ओतून घेत नसे. कच्चा माल तो, त्याचं कौतुक कोण करणार!

आणि मग आर्मान्याकचा खप उतरला. ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरत पडलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. वीजबिल काही पंधरा वर्षं मुरायला थांबत नाही.

एलेन आणि पिएर यांची मुलं, ईव आणि माईते, यांनी 1982 साली भट्टीच्याच द्राक्षांची पांढरी वाइन बाटलीत भरून विकायला काढली. त्याच सुमारास शेजारच्या प्लेमों या सहकारी संघाचे शेतकरीही त्याच वाटेनं निघाले होते, म्हणजे हे वेड एकट्या तारिकेचं नव्हे. पण ब्रँडीवाल्या गावात हे बोलायला धाडस लागलं असणार.

[दृश्य: स्टीलच्या टाक्या. टाकीवर दव धरलंय. काचेतून फिकट हिरवट रस.]

युक्ती द्राक्षात नव्हती, थंडाव्यात होती. रात्रीची तोडणी, रस काही तास सालांसोबत गारच ठेवायचा, हवेचा स्पर्श टाळत दाबायचा, मग कमी तापमानावर सावकाश आंबवायचा. वाइन तयार झाली की काही काळ यीस्टच्या बारीक गाळावर तशीच. ओकचं पिंप नाही. वर्षानुवर्षं मुरवणं नाही. जो आंबटपणा भट्टीसाठी जपला होता, तोच आता ताजेपणा म्हणून विकला जाऊ लागला.

[दृश्य: पेला जवळून. बाहेर थंडाव्याचे थेंब.]

तारिके क्लासिक. रंग जवळजवळ पाण्यासारखा, थोडी हिरवी झाक. नाक नेलं की आधी पपनस येतं, मग लिंबाची ताजी साल, मागून हिरवं सफरचंद. जिभेच्या कडांना पाणी सुटतं. अल्कोहोल साधारण साडेदहा-अकरा टक्के, म्हणजे बऱ्याच वाइनपेक्षा कमी. फ्रान्समध्ये बाटली 10 युरोच्या आत मिळते. पेला हलवून, डोळे मिटून चिंतन करावं अशी ही वाइन नाही, आणि तसा आवही आणत नाही. वायव्येला आर्काशोंच्या खाडीत कालवं पिकतात. बर्फावर मांडलेली कालवं आणि शेजारी ही गार बाटली, एवढं पुरे.

वाइनच्या जाणकारांना ती जरा साधी वाटते. वाटू दे. जिला पहिल्यांदाच वाइन प्यायची आहे, तिच्यापुढे काय ठेवावं हा प्रश्न त्यांच्याहून या घराला जास्त नीट कळलाय, असं माझं मत.

[दृश्य: ड्रोन. क्षितिजापर्यंत ओळी.]

आज 7 हेक्टरचे हजाराहून जास्त झालेत. आपल्या हिशेबात अडीच हजार एकरांच्या पुढे. कारभार ईव यांची मुलं, आर्मिन आणि रेमी, पाहतात. एवढ्या पसाऱ्यावर एकदा गारा पडल्या की काय होतं, ते गॅस्कनीच्या शेतकऱ्याला आणि निफाडच्या बागाईतदाराला सारखंच ठाऊक आहे.

[दृश्य: हिवाळी संध्याकाळ. धूर. पुन्हा तीच भट्टी.]

तोडणी आटोपली, टाक्या भरल्या, की वाड्यामागे लाकडं रचली जातात. नियमानं ऊर्ध्वपातन 31 मार्चच्या आत संपवावं लागतं. तांब्याच्या मनोऱ्यातून पारदर्शक धार बारीक, अखंड पडत राहते. भट्टीवरचा माणूस बोट ओलं करून नाकाशी नेतो, मान हलवतो आणि जाळात आणखी एक ओंडका सरकवतो.