कढईपुढचा न्याय

(पडद्यावर: माळेगावची जत्रा. गाढवांचा बाजार, उंटांच्या रांगा, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं.)

नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातलं हे माळेगाव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला इथे खंडोबाची पालखी निघते आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार'च्या गजरात जत्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, तमाशाचे फड, घोंगड्यांची दुकानं. हौशे, नवशे, गवशे सगळेच येतात. भटक्या-विमुक्तांना मात्र या जत्रेची ओढ वेगळ्याच कारणाने. वर्षभर पालं पाठीवर घेऊन रानोमाळ हिंडायचं, तर भावकीची तोंडं दिसणार कधी? ती इथे. सोयरीक जुळायची इथे, जनावराचा सौदा इथे, आणि जातीतली भांडणं मिटवायला जातपंचायतीचे पंच बसायचे तेही इथेच.

पंचांबद्दल बोलायचं तर आधी थोडं मागे जावं लागेल. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. या जमातींतलं पोर जन्माला आलं की कपाळावर चोराचा शिक्का घेऊनच. हजेरी पोलीस पाटलाकडे, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. हा कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. ज्या माणसाला पोलीस ठाण्याची पायरी चढली की आत बसवायचे, तो आपलं गाऱ्हाणं घेऊन ठाण्यात कशाला जाईल? तो पंचांकडेच जाणार. कोर्ट नाही, वकील नाही, तारखा नाहीत. झाडाखाली बसायचं, संध्याकाळपर्यंत निकाल. पाचामुखी परमेश्वर ही श्रद्धा अशी गरजेतून पक्की झाली. आज शहरात बसून 'अडाणी लोक' म्हणून मोकळं होणं सोपं आहे, म्हणून हे सांगितलं.

पण गरजेतून आलेली गोष्ट न्यायाचीच असेल, असं नाही.

(पडद्यावर: रिकामा पार. गोल मांडलेल्या सतरंज्या.)

पंच बहुतेक ठिकाणी वंशपरंपरेचे. बाप पंच, म्हणून मुलगा पंच. बसायच्या आधी दोन्ही बाजूंनी पैसे ठेवायचे. बाईचा विषय असला तरी बाईने मध्ये बोलायचं नाही. तिच्या वतीने बाप, भाऊ, नाहीतर नवरा बोलणार. मग दंड. दंडाच्या पैशांतून तिथेच दारू-मटणाची पंगत उठल्याच्या कहाण्या इतक्या ठिकाणी ऐकायला मिळतात की त्यात कुणाला नवल वाटत नाही. दंड भरायला ऐपत नसेल तर कर्ज काढा, ऊसतोडीला जाणारा असाल तर मुकादमाकडून उचल घ्या. नाही भरला, तर वाळीत.

आणि चारित्र्याचा संशय असेल तर 'खरं-खोटं'.

काही जमातींमध्ये बाईच्या तळहातांवर पिंपळाची पानं ठेवतात, त्यावर लाल होईस्तोवर तापवलेली कुऱ्हाड, आणि सात पावलं चालायला लावतात. काही ठिकाणी कढईत तेल उकळवतात, त्यात नाणं टाकतात आणि ते हाताने काढायला सांगतात. हात भाजला तर ती खोटी. भाजला नाही तर खरी.

इथे जरा थांबू. गरम तेलात हात घातला की काय होतं? कातडी भाजते. सोसणारी पतिव्रता आहे की नाही, हे तेलाला कळत नाही. हात ओला असेल, तर पाण्याची वाफ होऊन कातडी आणि तेल यांच्यामध्ये क्षणभर एक पातळ थर तयार होतो आणि अगदी झटकन हात बाहेर आला तर भाजणं थोडक्यात निभावतं. नाणं चाचपडत राहिलं की संपलं. म्हणजे निकाल कशावर? तेल किती तापलंय, नाणं किती खोल आहे, हात किती ओला आहे. आणि कढई कुणाच्या ताब्यात? ज्यांना निकाल द्यायचाय त्यांच्या.

फेब्रुवारी 2021 मध्ये परांड्याची एक चित्रफीत मोबाइलवरून राज्यभर फिरली. उकळतं तेल, त्यात पाच रुपयांचं नाणं. नवऱ्याला संशय, म्हणून बायकोने ते हाताने काढायचं. लोक हादरले. विधान परिषदेपर्यंत विषय गेला. ही गोष्ट आपल्या धाराशिव जिल्ह्यातली, तुळजाभवानीच्या जिल्ह्यातली, नवरात्रात अनवाणी चालत देवीला जाणाऱ्या लाखो माणसांच्या वाटेवरची.

(पडद्यावर: पालांची वस्ती. भाकरी थापणारे हात. चेहरा दिसत नाही.)

बाहेरच्याला प्रश्न पडतो, ऐकतात कशाला? निघून का जात नाहीत?

वाळीत पडणं म्हणजे काय, ते बघा. लग्नाचं बोलावणं बंद. लेकीला स्थळ नाही, लेकाला पोरगी नाही. बाळंतपणाला जाऊबाई येत नाही. घरात मयत झाली तर खांदा द्यायला चौघं मिळत नाहीत. आणि हे सगळं अमलात कोण आणतं? पंच पाच-सात. ते काही प्रत्येकाच्या दारात काठी घेऊन उभे नसतात. सख्खी बहीण येत नाही, चुलता तोंड फिरवतो, मामा फोन उचलत नाही. प्रत्येकाला वाटतं, आपण गेलो तर उद्या आपल्याला टाकतील. असं शंभर घरांना वाटलं की पंचांना काही करावंच लागत नाही. माझ्या मते पंचांची खरी ताकद ही एवढीच, आणि ती त्यांना आपण उसनी दिलेली.

कित्येक पंचायती बसतात त्या जातीबाहेरच्या लग्नावरून. आता गंमत बघा. ज्या खंडोबाच्या दारात हे पंच बसायचे, त्याची म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची. देवाने दुसरी बायको जातीबाहेरची केली, ती गाणी जागरणात रात्रभर म्हणायची आणि सकाळी पोराला त्याच गोष्टीसाठी दंड लावायचा. वाघ्या-मुरळींना विचारा, तेही हसतील.

2013 मध्ये नाशिकला बापानेच गरोदर मुलीचा जीव घेतला. तिने जातीबाहेर लग्न केलं होतं आणि मागे जातपंचायतीचा दबाव होता. त्यानंतर डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने 'जातपंचायत मूठमाती अभियान' हाती घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिली परिषद नाशिकला झाली, दुसरी आपल्या लातूरला. 20 ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. अभियान थांबलं नाही. 13 एप्रिल 2016 ला विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एकमताने मंजूर केला, 3 जुलै 2017 पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बहिष्कार टाकणाऱ्यालाही आणि त्याला चिथावणी देणाऱ्यालाही.

(पडद्यावर: वैजापूरकडे जाणारा रस्ता. कापसाचं शेत.)

एवढं पाहून कुणी म्हणेल, हे त्यांच्यातलं झालं, आमच्यात पंचायत नाही.

डिसेंबर 2021, वैजापूर तालुका. आपल्या मर्जीने लग्न केलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला तिची आई आणि भाऊ भेटायला आले. ती चहा ठेवायला वळली आणि भावाने कोयत्याने तिचं मुंडकं उडवलं. जानेवारी 2023, नांदेड जिल्हा. डॉक्टर होण्यासाठी शिकणारी मुलगी, मारणारे बाप, भाऊ आणि नात्यातलेच. इथे कुठेही पंच बसले नव्हते. कुणी दंड ठोठावला नव्हता, कढई ठेवली नव्हती. 'गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही' एवढंच पुरलं. हे गाव कोण? पारावर बसणारे, लग्नात कुजबुजणारे, 'पोरीला लई मोकळीक दिली' म्हणणारे. म्हणजे घरोघरचे आपण. पालावरच्या पंचाला निदान समोर बसून जाब विचारता येतो. या पंचाला कुठे शोधायचं?

(पडद्यावर: तालुक्याच्या कोर्टाचा व्हरांडा. बाकावर थांबलेली माणसं.)

कायद्याचं घोडं अडतं ते साक्षीवर. तक्रार पोलिसांत करता येते, थेट दंडाधिकाऱ्यांपुढेही करता येते. पीडित माणूस स्वतः करू शकतो, त्याच्या घरचाही. पण पंचायत कुठे बसली, कोण काय बोललं, दंड कुणी घेतला, हे डोळ्यांनी पाहिलेलं कोण असतं? त्याच जातीतला, त्याच बैठकीत सतरंजीवर बसलेला माणूस. तो कोर्टात 'मला काही आठवत नाही' म्हणाला की खटला तिथेच बसला. मग दोन्ही बाजूंचे म्हातारे मध्यस्थी करतात, तडजोड होते, तक्रारदार पुन्हा जातीत घेतला जातो आणि त्या बदल्यात जातजेवण घालतो. ते जेवण घालायला पुन्हा कर्ज. अशा वेळी दोन माणसं जरी साक्षीला टिकली, तरी खटला उभा राहतो. ती दोन माणसं पुण्या-मुंबईचे कार्यकर्ते असून भागत नाही. ती त्याच पालावरची, त्याच भावकीतली असावी लागतात.