भट्टीतलं लाकूड, कोकणातलं ऊन

मालवणजवळच्या एका घराचा हा पश्चिमेकडचा डेक, म्हणजे लाकडी फळ्यांचा ओटा. सगळ्या फळ्या एकाच गठ्ठ्यातल्या, एकाच वेळी ठोकलेल्या. तरी कौलांच्या वळचणीखाली त्या गडद तपकिरी आहेत आणि वळचण संपली की पुढे सरळ राखाडी. मधली सीमा बघा, पट्टी धरून मारल्यासारखी.

या फळ्यांना रंग लावलेला नव्हता. हे भट्टीत तापवलेलं लाकूड. हवा अडवून, वाफ सोडून ते साधारण १६० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात ही पद्धत कारखान्यांत रुळली. एवढ्या उष्णतेत लाकडातलं हेमिसेल्युलोज, म्हणजे पाणी धरून ठेवणारा घटक, मोडतं आणि त्याबरोबर पाणी शोषायची सवयही बरीच सुटते. फळी कमी फुगते, कमी वाकते, लवकर कुजत नाही. तपकिरी रंग आरपार गेलेला असतो, म्हणून घेणाऱ्याला तो कायमचा वाटतो. विकणाराही गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही.

उन्हातले अतिनील किरण लाकडातल्या लिग्निनवर येतात. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवतं ते हे लिग्निन. ते तुटतं, भट्टीतला रंगही विटतो. उरलेलं काम मृगाचा पाऊस करतो. सुटं झालेलं लिग्निन धुऊन जातं, वर फिकट तंतू राहतात आणि दमट हवेत त्यांच्यावर काळी बुरशी धरते. राखाडी छटा येते ती अशी. नुसतं ऊन एवढं करू शकलं नसतं.

मेस्त्रींनी राखाडी फळीवर रंधा फिरवला. फुंकर मारली तर उडेल असं सालपट निघालं आणि खाली तीच जुनी तपकिरी फळी.

“रंग गेलो, लाकूड खंय गेला?”

बरोबर आहे त्यांचं. अतिनील किरण जेमतेम मिलिमीटरच्या दशांशापर्यंत शिरतात. काळजी करायची ती भेगांची. भिजणं आणि तापणं यांच्या पाळीत फळीवर केसासारख्या चिरा पडतात, त्यात पाणी बसतं.

रंग टिकवायचाच असेल तर पारदर्शक व्हार्निशच्या नादी लागू नका. ऊन त्यातून आत जातं, खालचं लिग्निन तुटतं आणि वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो. रंगद्रव्य घातलेलं तेल बरं, कारण ते ऊनच अडवतं. पाऊस उघडून फळी कोरडी झाली की हात मारायचा, आणि पुन्हा मारत राहायचा. खिळे-स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्या. हे लाकूड थोडं आम्लधर्मी असतं, त्यात खारा वारा, साध्या लोखंडाभोवती काळे डाग उतरतात.

आणि वाळवी? भट्टीतून आलंय म्हणून ती या लाकडाला सोडेल, या भरवशावर राहू नका. शिवाय तापवल्याने लाकूड ठिसूळ होतं. डेकला, भिंतीवरच्या फळ्यांना ते चालेल. मातीत गाडायच्या खांबांना किंवा झोपाळा टांगायच्या तुळईला नको.